सुरुंगाच्या आधी

माझे वडील, आबा, खडीच्या खाणीत सुरुंगानं गेले. त्याच महिन्यात मी जतकडच्या एका गावात विश्वाच्या उत्पत्तीवर बोलायला गेले. कार्यक्रम आधीच ठरला होता. रद्द करायला फोन हातात घेतला, काय सांगायचं ते सुचेना, म्हणून गेले.

आमच्या विज्ञान चळवळीची पत्रकं मीच लिहिते. या विषयाच्या पत्रकाला मथळा आहे : 'महास्फोट : कुणी केला नाही, झाला!' उद्गारचिन्हही माझंच.

समाजमंदिरात पोरं होती, मेंढरं माघारी आणून आलेली म्हातारी माणसं होती. पाठ केलेलं बोलत गेले. सगळं विश्व अतिशय तापलेलं, दाटलेलं होतं, मग ते पसरत गेलं. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला.

"पोरी, स्फोट म्हंजी सुरुंगच की. मग बत्ती कुणी दिली?"

"तुझ्या आज्यानं!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

मी म्हटलं, शब्दच वाईट पडलाय. आवाज झाला नाही, अमुक जागी झाला असंही नाही. जागाच पसरली.

"बरं. त्येच्या आदी काय हुतं?"

"काळच तिथून सुरू झाला असेल, तर आधी कुठून आणणार? आधीचं विचारण्यात अर्थ नाही."

"म्हंजी शिट्टी बी न्हाई वाजवली?"

पुन्हा हशा. सुरुंगाआधी शिट्टी मारून माणसं लांब काढतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मी पाणी प्यायले. रडू आलं नाही, रागही आला नाही. नुसतं खाणीवरच्या मुकादमाचं तोंड समोर आलं.

आठवड्यापूर्वी तो आमच्या माधवनगरच्या घरी येऊन बसला होता. आई त्याला एकच विचारत होती, "शिट्टी झाली हुती का न्हाई?" झाली असेल तर चूक आबांची. झाली नसेल तर खाणवाल्यांची. आबांबरोबरचा ड्रिलवाला पहिल्या दिवशी 'न्हाई झाली' म्हणाला होता, नंतर त्यानं तोंडच उघडलं नाही. मुकादमानं चहा संपवला. "आवं वैनी, आता आदीचं काढून काय हुणार? कुणी केलं न्हाई, झालं."

माझा मथळा. माझंच आत्ताचं वाक्य. मी माईक जवळ घेतला.

मग म्हटलं, "मघाशी चुकीचं बोलले. आधी काही नव्हतंच, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. काही म्हणतात, होतं. आज नक्की कुणालाच माहीत नाही. पण विचारू नका, असं त्यातलं कुणी म्हणत नाही."

"मग इचारत ऱ्हावा की," म्हातारा म्हणाला आणि पटका सारखा करत उठला.

उरलेली पत्रकं एसटीत मांडीवर घेऊन बसले. वाटली नाहीत, फाडलीही नाहीत. घरी आई भाकरी थापत होती.

"झालं भाषान?"

"झालं."

"त्या ड्रिलवाल्याच्या घरी जायाचं का उद्या?"

"त्यानं मागल्या वेळी दार लावून घेतलं, आई."

"लावू दे की. भायेरनं इचारू."

"काय?"

"त्येच. शिट्टीचं."

"जाऊ," मी म्हटलं आणि ताट घेतलं.