आज काय शिजलं, विचारणाऱ्या बाई

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी बाईंचं नाव घेतो. म्हणजे खरं नाव नाही. ते हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्याच्या आसपासच्या सगळ्या गावांत त्या नुसत्या ‘बाई’ होत्या. कोणाच्याही दारात गेल्या, की चप्पल काढता काढताच त्यांचा खणखणीत आवाज आत पोचायचा, “काय वो, आज काय शिजलं?”

आमच्याकडे दारातल्या पाहुण्याने असं विचारलं तर त्याचा एकच अर्थ निघतो. माणूस उपाशी आहे. घरची बाई हातातलं काम टाकून ताट वाढायची. बाई ‘नको’ म्हणायच्या, पण त्यांचं ‘नको’ फार वेळ टिकायचं नाही. एका सकाळी त्यांनी दोन-तीन घरी आंबील पिऊन वर भात आणि सुकटाची भाजी खाल्लेली मी पाहिली आहे. परत येताना मला म्हणाल्या, “बाबू, या नोकरीत लोकायचं मन हलकं होते अन् आपलं वजन वाढते.”

मी एकदा विचारलं, की सरळ ‘मन कसं आहे’ असंच का नाही विचारत? आपलं तर कामच ते आहे.

“मन कसं आहे म्हटलं, त सारेच चांगलं आहे म्हणते,” त्या म्हणाल्या. “शिजवाची इच्छा गेली का, जेवाची गेली का, हे चुलीजवळ समजते. मंग बाकीचं विचारता येते.”

आमचं काम म्हणजे गावोगाव मानसिक आरोग्याची माहिती सांगणं आणि गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देणं. बाई शिकवायच्या, मी बॅनर बांधायचो, सह्या घ्यायचो, चिवड्याची पाकिटं वाटायचो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. ही नोकरी लागली तेव्हा आईने आनंदाने गावभर सांगितलं, की पोरगा डोक्याच्या दवाखान्यात लागला. त्यानंतर बरेच दिवस लोक माझ्याकडे जरा लांबूनच पाहायचे.

बाई भद्रावतीच्या. त्यांचे यजमान तिथल्या कारखान्यात होते आणि घर कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये. आठवड्याला एसटीने इकडे यायच्या, आणि एसटी त्यांना अजिबात सोसायची नाही. उतरल्या की आधी झाडाखाली दहा मिनिटं डोळे मिटून बसायच्या. मग एकदम कामाला.

मुलचेऱ्याच्या आठवडी बाजारात आम्ही पहिल्यांदा मंडप टाकला तेव्हा त्यात दिवसभर एक कुत्रं येऊन झोपलं, दुसरं कोणी आलं नाही. त्या बॅनरखाली उभं राहिलं की बाजारभर बोभाटा होणार, हे लोकांना बरोबर कळलं होतं. पुढच्या बाजारी बाईंनी बॅनर घडी करून पिशवीत घातला आणि एका बंगाली बांगडीवालीच्या शेजारी चटई टाकली. बांगड्या भरताना बाईमाणसाला हात सोडवून पळता येत नाही. बाई शेजारून बोलत राहायच्या. झोप, डोकेदुखी, नवऱ्याचं पिणं, छातीतली धडधड. बांगड्या भरून झाल्यावरही बायका तिथेच बसलेल्या असायच्या. बांगडीवालीचाही धंदा वाढला. ती बाईंना म्हणायची, “दीदी, रोज आओ.”

आता दादाबद्दल सांगायला हवं.

माझे वडील लवकर गेले. शाळा एकाचीच होऊ शकत होती, तेव्हा दादाने आपली सोडली आणि माझी चालू ठेवली. तेंदूपत्त्याच्या हंगामात तो आणि त्याचा लहानपणापासूनचा सोबती पानं तोडायला जंगलात गेले होते. वाघाने सोबत्याला ओढून नेलं. दादा हाकेच्या अंतरावर होता. त्यानंतर त्याचं बोलणं कमी झालं, मग शेतावर जाणं सुटलं, मग खाटेवरून उठणं सुटलं. अंग दुखतं एवढंच सांगायचा. आम्ही सलाईन लावून आणलं, गावच्या पुजाऱ्याकडून देवाचं करून घेतलं. आई तोवर गेली होती आणि मी गडचिरोलीला खोली करून राहत होतो. घरी आलो की त्याच्या खाटेशी बसायचो आणि तो भिंतीकडे तोंड करायचा. माझा भाऊ हातातून चालला आहे, एवढं मला कळत होतं. कशाने, ते कळत नव्हतं. गावोगाव तेच सांगत फिरत असूनही ते आपल्याच घरात असेल असं मला वाटलं नाही, आणि बाईंजवळ मी कधी विषय काढला नाही.

अशातच आमच्या गावी प्रशिक्षण लागलं, तेही ऐन मोहफुलं वेचायच्या दिवसांत.

तुमच्यापैकी ज्यांनी आमच्याकडचा मोह पाहिला आहे त्यांना हे ऐकूनच हसू येईल. फुलं गळायला लागली की पहाटे गाव रिकामं होतं. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात, बापाकडून पोराकडे आलेली. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. दुपारी परत येऊन फुलं वाळत घालायची आणि पडायचं. अशा दिवसांत समाजमंदिरात बॅनर, चिवडा, बाई आणि मी. उन्हं चढल्यावर आमच्या गावच्या आशाताई तेवढ्या आल्या, हातांना मोहाचा वास घेऊन.

“बाई, या दिवसात इथी कोनी लगन बी ठेवत नाई. तुमी टरेनिंग ठेवली?”

“मी नाई ठेवली वो. वरून आली.”

“मंग वरच्यायलेच बसवा.”

बाई इतक्या हसल्या, की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या आशाताईंची एक टोपली घेऊन बायकांबरोबर जंगलात निघाल्या. मलाही ओढलं. मोहाला अस्वलं येतात हे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, म्हणून त्या सबंध वाट मोठमोठ्याने बोलत होत्या.

“बाई, अस्वल त केव्हाच पळालं,” आशाताई म्हणाल्या. “आता आमीच राह्यलो.”

बाईंनी ते प्रशिक्षण झाडाझाडाखाली घेतलं. कंबरेत वाकून फुलं वेचायची आणि विचारायचं, रात्री जाग येते का, विनाकारण रडू येते का, घरात कोणी बोलेनासं झालंय का. खाली वाकलेल्या माणसाला समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही. बायका बोलत होत्या. समाजमंदिरात कधी बोलल्या नसत्या इतकं.

ओढ्याजवळ एका मोठ्या झाडाखाली बाई थांबल्या. बाकी झाडांखाली पाला झाडून जमीन साफ केलेली होती. इथे पाल्यावरच फुलांचा थर होता. जुनी तपकिरी होऊन चिकटलेली, त्यांवर आजची ताजी. वास डोक्यात जात होता.

“हे कोनाचं?”

“आमचं,” मी म्हणालो. “दादाचं.”

“तो नाई येत, बाई,” आशाताई हलक्या आवाजात म्हणाल्या. “वाघाची भीती बसली त्याले.” आणि त्यांनी दादाची सगळी हकीगत सांगितली.

“बरं,” बाई म्हणाल्या. “त्याले भीती बसली. अन् त्याच्या बायकोले?”

आशाताई खाली वाकून फुलं वेचू लागल्या.

“हातातोंडाचं पीक असं मातीत जाऊन राह्यलं, अन् बायको घरी? तिले काऊन नाई आली कोनी विचारलं?”

“ते घराच्या बाहीरच नाई निंगत,” एकजणी म्हणाली. “आमाले वाटलं, आळसावली.”

बाईंनी आपली टोपली आशाताईंच्या टोपलीत उलटी केली आणि गावाकडे चालू लागल्या. त्या पहिल्यांदाच जंगलात गप्प चालत होत्या.

वहिनी उंबऱ्यावर बसली होती. “काय वो माय, आज काय शिजलं?” बाईंनी विचारलं. वहिनी म्हणाली, “काई नाई.” आणि बसूनच राहिली. आमच्या घरात पाहुण्यापुढे पाणीसुद्धा आलं नाही, असं मी पहिल्यांदा पाहिलं. बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.

“मोहाले नाई गेली?”

“मी गेली त यायले कोन पाहीन?” तिने आत दादाच्या खाटेकडे पाहिलं.

बाईंनी तिला आणखी काही विचारलं नाही. त्या आत गेल्या, दादाच्या खाटेजवळ बसल्या आणि नेहमीच्या मानाने अगदी हळू म्हणाल्या, “भाऊ, मी तुमच्या भावाच्या हापिसातली बाई. एक विचारतो, राग नका मानू. मरून जावं, असं मनात येते का?”

असं विचारलं म्हणजे मनात नसलेलंही येईल, असं मला वाटलं. दादाने भिंतीकडचं तोंड वळवून वर कौलांकडे पाहिलं.

“येते,” तो म्हणाला. आणि मग, “रोज येते.”

दारातून वहिनीचा हुंदका ऐकू आला. तिने ते पावसाळ्यातच ओळखलं होतं. फवारणीचं औषध तिने कोणाला न सांगता आशाताईंच्या गोठ्यात नेऊन लपवलं होतं. दिवसभर उंबऱ्यावर बसायची आणि दाराला आडवी झोपायची. तिला कळलंय हे दादाला ठाऊक नव्हतं, आणि त्याने कधी काही सांगितलं नव्हतं म्हणून तीही बोलली नव्हती.

“सांगतलं, हे लई चांगलं केलं,” बाई दादाला म्हणाल्या. “हा बी आजार आहे, याले बी दवाई आहे. अन् आता हे तुमच्या एकट्याचं नाई, हिच्या एकटीचं बी नाई.”

उरलेलं प्रशिक्षण आमच्या अंगणात झालं. विषय एकच, वहिनी मोहाला जाईल तेव्हा दादाजवळ कोण बसणार. बायका घाबरल्या होत्या.

“आमी त्याच्याशी बोलाचं काय?”

“नाई सुचलं त नका बोलू. तुमचे मोह निवडत बसा. पन तो काई बोलला, त ‘असं नको बोलू’ म्हनून त्याचं तोंड बंद नका करू. आयका.”

“अन् आमालेच रडू आलं त?”

“त रडा. दोघं मिळून रडा. एकाच फेरीत काम होते.”

पाळ्या ठरल्या. ज्या पुजाऱ्याने दादासाठी देवाचं केलं होतं तोही बांबूच्या काड्या घेऊन आला आणि टोपली विणत बसला. बाईंनी त्याला हात जोडले. “तुमचं चालू द्या, बाबा. आमच्या गोळ्या बी चालू रायतीन.” तो मान हलवून म्हणाला, “रायू द्या.”

दुसऱ्या सकाळी वहिनी आपल्या झाडाखाली गेली. टोपली भरून आणली, अंगणात ओतली आणि तिथेच सावलीत कलंडली. संध्याकाळपर्यंत झोपली. बाईंनी कोणाला उठवू दिलं नाही.

मग आम्ही दादाला एसटीने गडचिरोलीला डॉक्टरकडे नेलं. बाई त्याच्याशेजारी खिडकीत, मी मागे. अर्ध्या वाटेत बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या तोंडावर पदर धरून बसल्या होत्या आणि कोणाला सांगत नव्हत्या. एकदम दादा उठून ओरडला, “थांबवा गाडी! बाईले उलटी होऊन राह्यली, दिसत नाई का तुमाले?”

कंडक्टर दचकला. मीही दचकलो. इतकं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होतो. रस्त्याच्या कडेला दादा बाईंची पिशवी धरून उभा होता. बाई चूळ भरून म्हणाल्या, “आवाज चांगला आहे तुमचा.” दादा हसला नाही, पण पुढे सबंध रस्ता ती पिशवी त्याच्याच मांडीवर होती.

दादा पटकन बरा झाला, असं मी सांगणार नाही. औषध लागू पडायला वेळ लागला. धानाच्या कापणीत बरं वाटलं म्हणून त्याने गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. मी चिडलो होतो. बाई नाही चिडल्या. “पुन्हा पाळ्या लावा,” एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या एसटीने आल्या.

नंतर त्यांचं कंत्राट संपलं. यजमान निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि त्या मुलाकडे दूरच्या शहरात राहायला गेल्या. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. मला म्हणाल्या, “फोन नको करू, बाबू. फोनवर सारेच बरे रायते. लिहून पाठव.”

आता नवे प्रशिक्षक येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात. तीही चांगली माणसं आहेत. पण मी एकटा कोणाच्या दारात गेलो, की घरची बाई मी काही विचारायच्या आत सांगते, “आज कुड्याच्या फुलांची भाजी होती, भाऊ. सारे जेवले.” मी मान हलवतो. ते उत्तर माझ्यासाठी नसतं.

बाईंना मी पाठवलेलं पत्र खाली देतो.

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. तुमची तब्येत चांगली असेल. इकडे मोह संपला, तेंदूपत्ता लागला आहे. वहिनी या वर्षी आशाताईंबरोबर गावच्या बायकांना शिकवते. तुमच्यासारखं मोठ्याने बोलते, म्हणून लोक तिला हसतात.

दादा ओढ्यापर्यंत जातो. ओढ्यापलीकडे अजून जात नाही. सोबत्याच्या पोराला त्याने यंदा शेतात बरोबर घेतलं आहे. गोळ्या आणायला मी महिन्याच्या महिन्याला जातो. डॉक्टर आता कमी करू म्हणाले आहेत.

‘दादा आता पूर्ण बरा झाला, हे सर्व तुमच्यामुळे,’ असं मी इथे लिहिलं होतं. तो शेजारी बसला होता. काय लिहिलं ते त्याने वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाला, “खोड ते.” म्हणून खोडलं आहे, माफ करा. पुढचं त्याने सांगितलं तसंच लिहीत आहे.

“बाईले लिव, का पूर्न बरा नाई झालो. काई काई दिवस सकाळी मन लई जड रायते. सोबती डोळ्यासमोर येते. तवा मी हिले सांगतो, का आज जड आहे. मंग उठतो. एवढंच लिव. उठतो म्हना.”