डावा पंख सासरचा, उजवा माहेरचा

माझा नवरा अमरावतीत दातांचा डॉक्टर आहे आणि मोठा भाऊ वरूडला संत्र्यांचा व्यापारी. दोघांपैकी एकालाही घरातला गळका नळ कधी नीट करता आलेला नाही. अशा या दोघांनी विमान बांधायचं ठरवलं, तेव्हा मला हसू आवरेना. घरात मी ‘विमानविरोधी’ ठरले ती तेव्हापासून.

विमान होतं दोन जणांचं, हलकंसं. सुटे भाग पेट्यांतून आले आणि भावाच्या संत्र्यांच्या शेडमध्ये उघडले गेले. नवरा दवाखान्यातला छोटा आरसा घेऊन जायचा आणि दाढ तपासावी तसा पत्रे जोडणारा एकेक रिव्हेट तपासायचा. भाऊ शेजारी उभा राहून “वा जावईबुवा, वा!” म्हणायचा. सुरुवातीला दोघं एकमेकांना घास भरवायचेच काय ते बाकी होते.

भांडण पेटलं ते फ्लॅपवरून. फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची झडप. ती खाली केली की विमान कमी वेगातही हवेत टिकतं, म्हणून उतरताना कामी येते. ती किती खाली करायची हे पुस्तकात छापलेलं होतं. वाद एवढाच, की कोन झडपेच्या वरच्या बाजूनं मोजायचा की खालच्या.

“भाऊ, वरूनच मोजा लागते,” नवरा म्हणाला.

“काहून? खालून मोजलं तं विमान रुसते का?”

“पुस्तकात चित्र हाये ना!”

“चित्र काढणाऱ्यानं कधी विमान बांधलं का? बाई, तू सांग याले.”

मी म्हटलं, “कसंही मोजा, पण दोन्हीकडं सारखं करा.”

“तेच तं मी म्हणून राहिलो!” दोघंही एकदमच ओरडले.

शेवटी वाटणी झाली. डावा पंख नवऱ्यानं करायचा, उजवा भावानं, आणि कोणी कोणाच्या पंखाला हात लावायचा नाही. शेतीच्या वाटण्या यापेक्षा समजूतदारपणे होतात.

परवानग्या मिळाल्यावर पंख सोडवून विमान संत्र्यांच्या ट्रकमधून अकोल्याकडच्या एका खासगी धावपट्टीवर नेलं. पहिलं उड्डाण करायला नागपूरहून एक निवृत्त वैमानिक आले होते. बारीक अंगाचे, मितभाषी, स्वतःचा डबा घेऊन आलेले. त्यांनी चाचणीला दोन-चार माणसंच हवीत असं बजावलं होतं. आमच्याकडं दोन-चार माणसं म्हणजे मंडप. आलू-पोंग्याच्या खाऊगाडीपासून ढोलताशापर्यंत सगळं होतं. मंडपातल्या फलकावर गॉगल लावलेला माझा नवरा आणि फेटा बांधलेला भाऊ झळकत होते. विमान उडवणारा माणूस त्यावर कुठंच नव्हता.

वैमानिकांनी विमान उंच नेलं. उंचावर वेग कमी करत करत विमान कुठं टिकेनासं होतं ते आधी बघायचं, मग फ्लॅप थोडे खाली करून पुन्हा, मग आणखी खाली करून पुन्हा, असं त्यांनी सकाळीच मला समजावलं होतं. त्या गर्दीत त्यांना प्रश्न विचारणारी मी एकटीच निघाले.

पहिल्यांदा नाक हलकेच खाली गेलं. दुसऱ्यांदा ते जरा डगमगलं. तिसऱ्या वेळी डावा पंख एकाएकी खाली झुकला आणि विमान गिरकी घेत खाली यायला लागलं.

मंडपात टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं कसरत. ढोलवाल्यानं ठेका धरला. नवऱ्यानं तर पाहुण्यांकडं बघून हात हलवला. मी मात्र ढोलवाल्याला थांब म्हणून ओरडले. शेवटी विमान सावरून सरळ झालं.

वैमानिक फ्लॅप वर ठेवूनच, भरधाव उतरले आणि पार पट्टीच्या टोकाशी जाऊन थांबले. खाली उतरून त्यांनी आधी दोन्ही फ्लॅप खाली करून पाहिले. डावा उजव्यापेक्षा कमी झुकत होता, नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका.

“हे पंख एकाच विमानाचे आहेत ना?” त्यांनी विचारलं.

नवरा म्हणाला, “माझा बरोबर हाये.”

भाऊ म्हणाला, “माझाच बरोबर हाये.”

तेव्हा माझा तोल सुटला. “तुमच्या रुसव्याफुगव्यापायी तो माणूस मेला असता! त्याच्या घरी बायको हाये, ते ठाऊक हाये का तुमाले?”

दोघांनीही माना खाली घातल्या. मला वाटलं, लाज वाटली. तेवढ्यात नवरा हळूच म्हणाला, “पण पुस्तकात वरूनच मोजलं हाये.”

वैमानिकांनी वाद ऐकून घेतला नाही. एकानं तरी आपल्या पंखाचा कोन बदलावा म्हणून त्यांनी बरेच दिवस वाट पाहिली, आणि मग फ्लॅपचा दांडा वरच्या जागी बोल्ट मारून कायमचा बंद करून टाकला. पट्टी लांब होती, फ्लॅपशिवाय उतरता येत होतं. बाकीच्या चाचण्या त्यांनी तशाच पुऱ्या केल्या. आता नवरा व्याख्यानांत ‘फ्लॅपविरहित उड्डाण’ हा स्वतःचा शोध म्हणून सांगतो. भाऊ ती कल्पना मुळात आपली होती म्हणतो.

विमानात मात्र दोघांपैकी एकही बसलेला नाही. एकाची कंबर धरते, दुसऱ्याचा बीपी वाढतो.

मी बसले. वैमानिकांनी विचारलं, “ताई, येता का?” आणि मी चप्पल घट्ट करून चढले. कपाशीची शेतं खाली सरकत गेली, मंडप जिथं होता तिथं एक बैल चरताना दिसला, आणि मला उगीचच खूप हसू आलं. त्यांनी थोडा वेळ विमान चालवायची दांडी माझ्या हातात दिली. विमान सरळ चाललं. इतक्या वर्षांत माझ्या हातात या घरातलं काहीतरी पहिल्यांदाच विनातक्रार चाललं होतं.

उतरल्यावर भावानं मला बाजूला घेतलं. “बाई, उजवा पंख कसा वाटला?”

“एकदम पक्का,” मी म्हटलं.

गाडीत नवऱ्यानं विचारलं, “डावा कसा होता?”

“तोच तं सांभाळून राहिला होता सगळं,” मी म्हटलं. भाऊबीजेला वरूडला जायचं असतं आणि बाकीचं वर्ष अमरावतीत काढायचं असतं.