फौजीकाकांचं विचारणं

"भावाला किडनी दिलीत, केवढं मोठं मन!" असं कुणी म्हटलं, की फौजीकाका चपला घालून सरळ चालू लागायचे. इस्लामपुरात एकदा त्यांचा सत्कार झाला, तेव्हा माईकवर म्हणाले, "जखम भरली तरी थंडीत वढ लागती. ज्याला द्यायची आसंल त्यानं हे बी ऐकून ठिवावं." पुन्हा त्यांना कुणी बोलावलं नाही.

ते आमचे शेजारी. माझ्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या, डायलिसिससाठी सांगलीच्या खेपा सुरू झाल्या, आणि घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. सासूबाईंना साखर, दिरांचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. "देशील का?" असं कुणी म्हणालं नाही. "तू आहेस, म्हणून काळजी नाही," एवढंच. मुलगी तेव्हा पहिलीत होती.

मला धीर द्यायला सासूबाईंनीच काकांना बोलावलं. काका त्यांना म्हणाले, "वैनी, तुमी जरा भाईर बसा." मग दार लोटून मला विचारलं, "खरं सांग पोरी, भ्या वाटतंय?"

"वाटतंय," मी म्हणाले. त्यांनी काही लपवलं नाही. दुखणं, जन्मभराचं जपणं, आणि एवढं करून किडनी लागू पडेलच असं नाही, हेही सांगितलं.

"काका, तुम्हाला पस्तावा होतो?"

"दिल्याचा न्हाई. पर मी सुट्टीवर आलो तवा समद्यांनी ठरवूनच ठिवलं हुतं. मला कुणी इचारलंच न्हाई. भाऊ जगला, तरी ते आजून सलतंय. तुला नगं आसंल तर सांग, सासूशी मी बोलतो."

"समजवायला बोलावलं, तर बिथरवून गेले," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याशी अबोला धरला. नवरा सुजलेले पाय घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मी रोज ठरवायचे, रोज मोडायचे. शेवटी एका सकाळी नवऱ्याला चहा देताना मी म्हणाले, "मी देते. पण तुम्ही मला एकदा विचारा."

"देशील?" त्यानं विचारलं, आणि रडायलाच लागला.

भीती गेली नव्हतीच. ऑपरेशननंतर सगळे नवऱ्याच्या चौकशीला धावले. काका आधी माझ्या खाटेशी आले.

"लय दुखतंय?"

"लय."

"दुखणारच," म्हणाले, आणि स्टूल ओढून बसून राहिले.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. नवरा बरा आहे. रक्त तपासायची वेळ आली की आजही माझा जीव वरखाली होतो. तपासणी आम्हा दोघांचीही असते. फोन करणारे मात्र नवऱ्याचंच काय आलं ते विचारतात.