करवलीला खोलीत बसवलं

"तिले खोलीत बसव. करा घेऊन नवरीच्या मागं उभी राहिली तं वरपक्षाची माणसं विचारतीन, ही कोण, काहून एवढुशी आहे."

माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ, भर मांडवात हे बोलले. माझी मुलगी शेजारीच उभी होती. तेरा वर्षांची, पण दिसायला आठची. इतवारीच्या बाजारातून आणलेली हिरवी नऊवारी नेसलेली. तिच्या ताईच्या, म्हणजे भासऱ्यांच्या मुलीच्या लग्नात करवली तीच, हे कधीचं ठरलं होतं. तिने करा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलंही नाही. आपली आपण खोलीत गेली.

लग्नाची सगळी व्यवस्था माझ्या अंगावर होती. हॉल, आचारी, रुखवत, पाहुण्यांच्या खोल्या. मी अशीच आहे. काम वाटायचं, उरकायचं, पुढचं धरायचं. भासरे डॉक्टर. सदर भागात त्यांचा दवाखाना. माझा नवरा बुटीबोरीच्या कापड कारखान्यात. आम्ही राहतो भासऱ्यांच्याच घरात, खालच्या मजल्यावर. म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. आजारपणात तर देवाचाच.

मुलगी सात वर्षांची असताना तिची उंची वाढेना. मी तिला त्यांच्याकडेच नेलं. त्यांनी रक्त काढून तपासायला पाठवलं. नंतर जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "काही नाही. हिच्या माहेरचं आहे. तिथं कोण ताडासारखं आहे?" सगळे हसले. तेव्हापासून माझं माहेर रोज माझ्या ताटात वाढलं जात होतं.

मी खोलीत गेले. मागोमाग जाऊबाई आल्या.

"रागावू नको वं. हिच्या बिमारीचं नाव निघालं असतं तं हे स्थळ हातचं गेलं असतं."

"कोणती बिमारी?"

त्या चपापल्या. "यायनं सांगितलं नाही तुले? रक्तात निघालं होतं ना तेव्हाच."

मी कोठीच्या किल्ल्या त्यांच्या हातात दिल्या. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी मुलीला घेऊन निघाले. दारात भासरे आडवे आले. "अवं, पंगत कोण पाहीन?"

"तुम्ही."

दुसऱ्या दवाखान्यात हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त पुन्हा तपासून सगळं उलगडून सांगितलं. टर्नर सिंड्रोम. मुलींमध्ये दोन एक्स गुणसूत्रं असतात, हिच्यात एक कमी. हा आजार घराण्यात चालत येत नाही. न माहेरच्या, न सासरच्या. म्हणजे नवरीच्या लग्नाला त्याचा काडीचा धोका नव्हता. भासऱ्यांना हे ठाऊक होतं. लोकांना नव्हतं. म्हणून लोकांसाठी माझी मुलगी लपवली.

वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं लहानपणीच सुरू झाली असती, तर जास्त फरक पडला असता. हाताच्या एक्स-रेमध्ये हाडांची वाढ अजून पूर्ण थांबलेली दिसली नाही. थोडी जागा आहे. थोडीच. या आजारात हृदयही तपासावं लागतं. तेही आजवर कोणी पाहिलं नव्हतं.

मी भासऱ्यांना समोर बसून विचारलं. त्यांची मान खाली गेली नाही. "घरातली गोष्ट घरातच राहू दे. दोन-चार इंचासाठी पोरीले रोज सुया टोचतं का? तिले काय कलेक्टर व्हायचं आहे?"

"इंच तिचे होते, भाऊजी. तुमचे नाही."

आता रोज संध्याकाळी मी तिच्या मांडीत इंजेक्शन देते. पहिल्यांदा सुई काढल्यावर तिने विचारलं, "आई, आधीच घेतलं असतं तं मी ताईएवढी झाली असती?"

"ताईएवढी नाही. पण आतापेक्षा उंच."

खोटं आता तिला कोणीच सांगायचं नाही. मीसुद्धा नाही.

मी डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार केली. नवऱ्याने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "दादावर तक्रार करून राहिली तू?"

"दादावर नाही. डॉक्टरवर."

भाड्याच्या खोल्या पाहायला सुरुवात केली आहे. घर सुटेल. नाती सुटतील. भासरे उद्या पाया पडले, तरी तक्रार मागे घेणार नाही.