अक्काची सोंगटी पुढं जाईना

मंडळी, आज दुपारी जेवणं झाल्यावर घडलेलं सांगते.

मुलगी सुट्टीला आलीय, येताना डोंगरवाटेचा एक बोर्ड गेम घेऊन आली. पायवाटेनं चालायचं, जिथं थांबाल तिथलं पाणी, ऊन, लाकूड गोळा करायचं. जो आधी पोचेल त्याला जास्तीचे गुण. माझी मोठी बहीण अक्का मेहकरहून भालकीला आमच्याकडं आली होती. तिलाही बसवलं.

अक्काची सोंगटी काही पुढं जाईना. मुलगी वैतागली. "मावशी, एवढी लाकडं झाली तुझी, आता जा की पुढं!"

मीही म्हटलं, "अक्का, कामून मागं थांबायलीस?"

"तुम्ही व्हा पुढं. भरली मोळी एकटीला डोक्यावर घेता येत न्हाई. मीच गेले तर तुम्हाला उचलून कोण देणार?"

मुलगी हसायला लागली. मी विचारलं, "मग शेवटी राहिलेलीनं काय करायचं?"

"दगडावर टेकवायची, वाकून आपली आपण घ्यायची. मी तेच केलं की इतकी वर्षं."

लहानपणी आम्ही सोबतच लाकडाला जायचो. मी धाकटी, म्हणून माझी मोळी सगळ्यांत आधी डोक्यावर चढायची आणि मी तरातरा घर गाठायची. मागं अक्का कशी येते, हे कधी वळून बघितलं नाही.

तुमच्या घरी शेवटी कोण राहायचं? आज विचारून बघा.

आणि हो, खेळात पहिली मीच आले.