मामाचं गाऱ्हाणं

माझा मामा टेलिफोनलासुद्धा भ्यायचा. घंटा वाजली की आधी डोक्यावर टोपी घालायचा आणि मग उभ्यानेच बोलायचा. कुत्रा, डॉक्टर, सरकारी पाकीट, सगळ्यांची त्याला सारखीच धास्ती. "भिऊन असलेला बरा गो बायो," म्हणायचा, "भिणारा माणूस दाराची कडी विसरत नाय."

पण रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. हातात नारळ आला की या भित्र्या माणसाचा आवाज खणखणीत व्हायचा. गावातल्या प्रत्येकाची अडचण तो नावानिशी देवापुढे मांडायचा.

आईमागे मला त्यानेच वाढवलं. १९९९ साली मी अमेरिकेत शिकायला गेले, विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम धरलं. खोलीतल्या मैत्रिणीच्या सल्ल्याने निवृत्तीचं खातंही उघडलं, कारण त्याने कर वाचतो. वारस म्हणून मामाचं नाव घातलं. तो फोनवर ओरडलाच, "साठीपर्यंत हात लावायचा नाय? तोवर मी वाट बघत बसू काय?"

पुढच्या सुट्टीत मी गावी होते. परत जायला नवा व्हिसा हवा होता, आणि नेमकी तेव्हाच मैत्रिणीची ईमेल आली. परदेशी विद्यार्थी पहिली काही वर्षं करापुरता अनिवासी असतो. आम्ही मात्र तिथल्या रहिवाशांचा फॉर्म भरून त्यांचीच शिक्षणाची सवलत घेतली होती. "गप्प राहा, कोण बघतंय," असं तिने लिहिलं होतं. माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. व्हिसाच्या खिडकीवर हे निघालं तर शिक्षण अर्धवटच राहणार होतं.

मामाला सांगितलं तर त्याच्या बशीतला चहा सांडला. भर दुपारी त्याने खिडक्या लावून घेतल्या. सकाळी मात्र नारळ घेऊन मला देवळात ओढत नेलं. गाऱ्हाण्याला होकार द्यायला पाच-सहा गावकरी होतेच.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही माझी भाची. परदेशी असून तिकडच्या रहिवाशाचा कागद भरलान. हक्क नसलेली सवलत घेतलीन. ती आता सगळं कळवून परत करील. तिची वाट अडवू नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी लपवलेलं त्याने चार वाक्यांत सगळ्यांपुढे मांडलं होतं, आणि आता मागे फिरायची सोय नव्हती. मी दुरुस्तीचा फॉर्म भरला. पोस्टात पाकीट टाकताना मामाने आधी डोक्यावर टोपी घातली.

व्हिसासाठी मुंबईला तो सोबत आला. व्हिसा घेऊन मी वकिलातीतून बाहेर पडले, तर समोरच्या फुटपाथवर टोपी घालून उभा. "परत धाडलनी नाय ना?" एवढंच विचारलं आणि मी व्हिसा दाखवल्यावर डोक्यावरची टोपी काढली.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. खातं आहे, त्यावर वारस अजून तोच आहे. दरवर्षी कराचे कागद भरायला बसले की तीच जुनी भीती वाटते. मग अमेरिकेतल्या माझ्या स्वयंपाकघरात मी मोठ्याने म्हणते, "बा देवा म्हाराजा!" आणि नकळत थांबते. "व्हय म्हाराजा" म्हणायला इथे कोणी नसतं.