मामाचं उपाशी पोट

हे बघा, चारचौघांत सांगायची गोष्ट नाही ही. पण आमच्या भाचीनं ती अख्ख्या बदनापुरात जाहीर केलीच आहे, तर निदान माझ्या तोंडून खरी तरी ऐका. आणि हो, ती कचोरीची प्लेट जरा माझ्यापासून लांब सरकवा. का, ते कळेलच.

माझी भाची ओवी, वय वर्षं सहा. पंधरा दिवस झाले, पोरीच्या पोटात मधूनमधून दुखायचं. खेळता खेळता बेंबीवर हात धरून खाली बसायची. लहान मुलांच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "अपेंडिक्स असू शकतं. सोनोग्राफी करून घ्या, मग ऑपरेशनचं ठरवू." ऑपरेशन म्हटल्यावर शालूताईचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, अवसानच गळालं. दाजी नोकरीनिमित्त बाहेरगावी. मग बरोबर कोण जाणार? मामा!

अट एकच होती. सकाळपासून पोरीच्या पोटात काही जाऊ द्यायचं नाही. घोटभर पाणी चालेल, बाकी सगळं बंद.

आता ओवी म्हणजे उठल्याबरोबर चार बिस्किटं लागणारी बाई. ती कशाला ऐकते? कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी एकटीच उपाशी? न्हाई जमणार!"

आणि इथं मी तोंड उघडलं. "एकटी कशाला? मामा बी उपाशी राहतो! तुझी सोनोग्राफी होईपर्यंत मी बी काही खाणार न्हाई. बस?"

"शप्पथ?"

"शप्पथ!"

ताई गालातल्या गालात हसली. चतुर्थीला चंद्र उगवायच्या आत मोदक कोण पळवायचं, हे तिला लहानपणापासून माहिती. ते हसणं मला झोंबलं. मास्तर माणूस मी! पाचवीला परिसर अभ्यास शिकवतो, पचनसंस्थेचं चित्र फळ्यावर डोळे मिटून काढतो. लगेच शिकवणी सुरू केली.

"अन् ऐक, चोरून बिस्किट खाल्लं ना, तर त्या मशीनला बराबर कळतं. पोटातलं सगळं टीव्हीवर दिसतं. तिच्यापुढं कोणाचंच खोटं चालत न्हाई!"

हे वाक्य लक्षात ठेवा हं. मी नाही ठेवलं.

जालन्याला सेंटरवर पोचलो तर आमचा नंबर चौदावा, आणि आत चौथा चाललेला. शेजारी हसनाबादच्या एक मावशी बसल्या होत्या, मांडीवर दोन महिन्यांचा नातू. प्यायलेलं दूध भडाभडा ओकायचं लेकरू. त्याला उपाशी आणा आणि दूध मात्र सोबत आणा, असं सांगितलं होतं म्हणे.

"टेबलावरच पाजतेत," मावशी सांगायला लागल्या. "अन् दूध पोटातून पुढं सरकून राह्यलं का न्हाई, ते टीव्हीवर बघतेत."

शहाण्या माणसाला एवढा इशारा पुरे होता. मी काय केलं? मान डोलावली आणि स्वतःचंच कौतुक सांगत बसलो. "आम्ही बी दोघं उपाशी आहोत मावशी. लेकरू उपाशी असताना आपल्या घशाखाली घास उतरतो का?"

"असा मामा नशिबानं मिळतो गं!" मावशी ओवीला म्हणाल्या. माझी छाती फुगली.

एक तास गेला. समोर रस्त्यापलीकडं गाड्यावर कचोऱ्या तळणं चाललेलं. दार उघडलं की वास सरळ आत. पहिल्यांदा मी श्वास रोखला. दुसऱ्यांदा डोळे मिटले. तिसऱ्यांदा उठलोच.

"ताई, फाईलची झेरॉक्स काढून आणतो. लागती कधी कधी."

एकच खायची ठरवली होती, खरं सांगतो! पण दुसरी जास्त गरम निघाली. तिच्यावर तळलेली मिरची आली. तिसरी कशी गेली, ते मलाच कळलं नाही. वरून अर्धा चहा. मग बडीशेप चावली, रुमालानं तोंड पुसलं, चेहरा उपाशी केला आणि परत आलो.

ओवीनं वर बघितलं. "मामा, झेरॉक्स कुठंय?"

घ्या! झेरॉक्स राहिलीच की!

"ते… दुकानातली लाईट गेल्ती."

"अन् हा बडीशेपेचा वास कशाचा येऊन राह्यला?"

"नवीन पेस्ट हाय."

पोरगी सकाळपासून नुसत्या पाण्यावर होती, ओठ सुकलेले. तरी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "मामा, तुला बी लई भूक लागली असंल ना?"

काय सांगू, त्या तिन्ही कचोऱ्या पोटात एकदम जड झाल्या. फार लाज वाटली मला.

शेवटी आमचा नंबर आला. आत अंधारी, गार खोली. डॉक्टर मॅडम हसऱ्या होत्या, पण टेबल बघितल्याबरोबर ओवीनं माझा शर्ट घट्ट धरला.

"मला भ्या वाटतंय! आधी मामाचं करा!"

"अगं, पोट तुझं दुखतंय ना?"

"आधी मामाचं!" आणि पसरलं की भोकाड!

रडणाऱ्या लेकराच्या पोटातलं नीट दिसत नाही. मॅडम मला म्हणाल्या, "झोपा हो मामा दोन मिनिटं. दुखत नाही, हे तिला कळेल."

"माझं कशाला मॅडम… मला गुदगुल्या होतात…"

"झोप की रे!" ताई खेकसली.

झोपलो. शर्ट वर, पोटावर गार जेल. मॅडमनी स्क्रीन ओवीकडं वळवली.

"हे बघ मामाचं लिव्हर. आणि हे मामाचं जठर…" मॅडम थांबल्या. "अरे बापरे! हे तर गच्च भरलंय!"

ओवी स्क्रीनजवळ गेली. "पण मामा तर उपाशी हाय."

मॅडमला आमची शपथ काय माहिती? "नाही गं बाळा. आत्ताच काहीतरी खाल्लंय त्यांनी. आणि चांगलं पोटभर!"

ओवीनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"झेरॉक्स खाल्ली!" ओवी किंचाळली. "मम्मी, मामानं झेरॉक्स खाल्ली!"

ताईनं तोंडात ओढणी कोंबली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मनापासून हसली ती. हसण्यात ओवीची भीती कुठल्या कुठं गेली. स्वतःच टेबलावर चढली आणि म्हणाली, "आता माझं बघा. मी खरीच उपाशी हाय."

मॅडमनी हळूहळू दाबत सगळं पोट बघितलं. ताईनं माझा हात इतका आवळला की बोटं बधिर झाली. मग मॅडम म्हणाल्या, "अपेंडिक्स अगदी चांगलं आहे. आतड्याजवळच्या बारीक गाठी थोड्या सुजल्यात, सर्दी-तापानंतर होतं असं. ऑपरेशनचं काही दिसत नाही मला. रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा." ताई तिथंच रडली. मीही डोळे पुसले, जेलच्या रुमालानं.

"मामा, तुमच्या पित्ताशयात मात्र काहीतरी चमकलं," मॅडम म्हणाल्या. "खडा असेल. पण खाल्ल्यावर ते आकसतं, नीट दिसत नाही. उद्या परत या. उपाशी पोटी!"

बाहेर आलो तोवर ओवीनं मावशींना सगळं सांगून टाकलं होतं. मावशींनी नातवाचं टोपरं सारखं केलं आणि तोंड फिरवून बसल्या.

दुसऱ्या दिवशी खडा निघाला, तळलेलं कायमचं बंद झालं, ते जाऊ द्या. खरी शिक्षा तर त्याआधी बाहेर बाकड्यावरच झाली. ताई आणि ओवी माझ्या राखणीला आल्या होत्या. माझा नंबर अकरावा. पोटात कावळे कोकलत होते. ओवी उठली, ताईचा हात धरला आणि जाता जाता म्हणाली, "आम्ही झेरॉक्स काढून आणतो."

दहा मिनिटांनी आली. ओठाला हिरवी चटणी, हातात अर्धी कचोरी. माझ्या अगदी शेजारी बसली, एक घास खाल्ला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "मामा, मी बी उपाशीच हाय."